आज वार कोणता

ठमाबाई,

माणसाने आपली चूक प्रांजळपणे कबूल करावी, विशेषतः पुरावा टेबलावर उघडा पडलेला असताना. काल संध्याकाळी कॉम्प्युटर मीच रीस्टार्ट केला. "हात लावू नका" असं तू बजावून गेली होतीस, हे मला हात लावल्यावर आठवलं.

नेट गेलं तशी तू म्हणालीस, "मी इतक्या लांब जायलाच नकोय तुम्हाला, बाबा, म्हणून हे उद्योग!" मग दार आपटलंस, त्यामुळे माझं उत्तर आत पोचलं नसावं.

सकाळी दोन तास डोकेफोड केल्यावर रोग सापडला. आतलं घड्याळ चालवणारा गोल सेल मेलाय. त्यामुळे बंद करून चालू केला की हा गडी थेट २००९ सालात जाऊन बसतो, आणि चुकीची तारीख पाहून एकही साइट त्याला दारात उभं करत नाही. तेव्हा तू दुसरीत होतीस, म्हणून तो तिथेच का रमतो ते मला कळतं. पण एवढ्या हुशार यंत्राला आज वार कोणता हे ठाऊक नसावं म्हणजे कमाल झाली!

कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करून तारीख दुरुस्त कर, मग वायफाय एकदा बंद करून चालू कर. मी करून पाहिलंय, चालतं. आज गुरुवार, अकराला तुझी मुलाखत, साडेदहालाच बस. सेल मी ऑफिसातून येताना आणतो. नोकरी मिळाली तर जा.

बाबा

ता. क. तारखेची खात्री करायला आत्ता पेपर उघडला. आज बुधवार आहे.