उमरेडच्या विहिरीतले आंधळे झिंगे

सर,

काल निकाल आला. उमरेडजवळच्या विहिरीतले तुमचे आंधळे झिंगे जनुकीय क्रम वाचायला पाठवले होते. डीएनएचे तुकडे तुकडे झालेत, काहीच वाचता येत नाही, असं कळवलंय. फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या नमुन्यांचं असंच होतं म्हणे. म्हणे काय, मीच शिकवते ते वर्गात.

ती सकाळ आठवते. तुम्ही काठावर पालथे पडून मलमलची जाळी तळाशी आपटताय, दोरी मी धरलेली. ज्यांची विहीर त्या घरची बाई कमरेवर हात ठेवून विचारते, "काहून जी मास्तर, आमच्या पाण्यात किडे हाय म्हणता काय?" तुम्ही म्हणता, "किडे नाही बाई, घरमालक हाय. तुमच्या आधीपासून राहून राहिले इथं." मग बशीत ते सहा जीव, तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, डोळेच नाहीत. तुमचा आनंद बघून मलाच भरून आलं होतं. परतताना बसमध्ये एकच घोकत होतात, "स्पिरिटातच ठेव वं. आपल्याले आज नाव देता येत नाही, उद्या कोणी देईन."

पुढे तुम्ही आजारी पडलात. नागपूरचा उन्हाळा तो. सुट्टीनंतर पाहिलं तर बाटलीतलं स्पिरिट पार तळाला गेलेलं. मी घाबरले. प्रॅक्टिकलच्या सगळ्या बरण्यांत फॉर्मलिनच असायचं, हात तिकडेच गेला. काठोकाठ भरलं, झाकणाला मेण लावलं आणि दवाखान्यात येऊन सांगितलं, "सर, नीट आहेत." तुम्ही शाबासकी दिलीत हो! त्या दुखण्यातून तुम्ही उठलाच नाहीत.

ती विहीर आता कोळशाच्या खाणीत गेली. आसपासच्या विहिरींत जाळी सोडून सोडून माझे खांदे गेले, एक मिळाला नाही. पाणीच खाली गेलंय. बाटलीत सहाही शाबूत आहेत, पाय, मिशा सगळं जागेवर. पण दिसायला हे सगळे आंधळे सारखेच. आपले वेगळ्या जातीचे होते का, ते डीएनएच सांगणार होता. आता कधीच कळणार नाही. काय करू, सर? खरंच, काय करू मी?

निकाल कळवणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, "मॅडम, फॉर्मलिन कोणी घातलं होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सरांनी. त्या काळी तसंच करायचे." ती हळहळली, "त्यांना माहीत नसणार बिचाऱ्यांना." मी हो म्हटलं.

आज तिने अहवाल पाठवला. त्यात तसंच लिहिलंय, तुमच्या नावानिशी. काही दुरुस्ती असेल तर सांगा, असंही खाली होतं. सगळं बरोबर आहे, असं तिला कळवलं आणि मगच हे लिहायला बसले.