नोहाच्या तारवात आमची डुकरं

लोसाताई हिस,

धाकट्या पेसामिनोचा डोकं खाली घालून नमस्कार. (खाली का घातलं ते पुढे येईलच. तूर्त एवढंच, की गेला आठवडाभर ते वर आलेलं नाही.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींची पाठ काय म्हणते? ऑकलंडची थंडी सरली असेल. तू अजून फळांच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करतेस, असं आत्या काळजीने सांगत होती. इकडे सगळे खुशाल आहेत. आजोबांचा गुडघा बरा आहे. डुकरंही खुशाल आहेत, जरा जास्तच खुशाल आहेत, आणि खरं सांगायचं तर हे पत्र त्यांच्यामुळेच लिहायची पाळी आली आहे.

आधी कॉलेजचं. ते मी सोडलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. आपियातल्या हिशेबाच्या सरांशी माझं भांडण झालं, मी वर्गातून उठलो, वही खिडकीतून फेकली आणि दुसऱ्या दिवशी बोटीने सवाई बेटावर घरी आलो. तत्त्वाचा प्रश्न होता. (तत्त्वाचं नाव एलेनोआ. आपल्या पाळकसाहेबांची धाकटी. ती आपियाहून गावात लहान मुलांना शिकवायला परतली त्याच आठवड्यात माझं तत्त्व नेमकं जागं झालं, हा योगायोग समज.) मी तिच्यासाठी शिक्षणावर पाणी सोडलं हे तिला अजून माहीत नाही. बाकी गावाला माहीत आहे.

घरी येऊन पाहतो तर आजोबांची वादळाची तयारी जोरात. तू असतानाही ते असेच होते, पण आता वयाबरोबर वादळही वाढलंय. छपरावरून दोर टाकायचे, पाण्याची पिंपं भरायची, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मासी. सकाळ-संध्याकाळ नीरफणस उतरवायचे, सोलायचे, केळीच्या पानांत घालून खड्ड्यात पुरायचे आणि आंबू द्यायचे, म्हणजे वादळाने झाडं मोडली तर घर उपाशी राहायला नको. मान्य. पण ताई, पांढरा रविवार तोंडावर आला होता! वर्षातून एकच दिवस असा, की मुलांनी पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठांतर म्हणायचं, नाटुकलं करायचं, आणि घरी मोठ्यांनी त्यांना आधी वाढायचं. आणि आपल्या घरातली पोरं पाठांतर सोडून नीरफणस सोलत बसलेली. छोट्या तिमोचे हात चिकाने इतके चिकट झाले होते, की प्रार्थनेला जोडलेले सुटेनात.

माझं डोकं तापलं. (तुला माझं डोकं ठाऊक आहे. त्याला तापायला चूल लागत नाही.) आजोबा छपरावर होते, मी खाली दोर धरून. मी तिथूनच ओरडलो, "आजोबा, तुम्ही आमच्यासाठी जगता की वादळासाठी? आलं नाही वादळ तर? पोरांचं हसायचं वय त्या खड्ड्यात पुरणार का?" आजूबाजूच्या घरांतून माना बाहेर आल्या. आजोबांनी वरून पाहिलं आणि म्हणाले, "दोर घट्ट धर." मी दोर टाकला आणि निघून आलो. जाताना हेही ऐकवलं, की या घरात आनंदाकडे कुणीतरी बघायला हवं, ते मी बघतो.

तर मी आनंदाकडे बघायला चर्चमध्ये गेलो. (एलेनोआ तिथेच नाटुकल्याची तालीम घेते.) यंदा नोहाचं तारू होतं. तिमो नोहा, बाकीची पोरं जनावरं, आणि मला तिने पडद्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा बडवून ढगांचा गडगडाट करायचं काम दिलं. मी असा गडगडलो, की ती म्हणाली, "अहो मेघराज, नोहाचं थोडं ऐकू येऊ द्या." मेघराज म्हणाली, ताई! त्या दोन शब्दांवर मी तीन दिवस जेवलो नाही. आणि ज्या दिवशी घरच्यांनी मिळून मासीचा खड्डा भरला, पानांनी झाकला आणि वर दगड रचले, त्या दिवशीही मी तिथेच बाकं पुसत होतो. यंदा आजोबांनी खड्डा जुन्या जागी न घेता मागच्या झाडाखाली घेतला, हे मला कळणार कसं?

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी एलेनोआसमोर बोलून बसलो, की रविवारी आमच्या घरचा उमू, तापल्या दगडांवर पानांखाली शिजवायचं सगळं जेवण, मी एकटा लावणार, आणि तू जेवायला ये. उमू लावणं हे घरातल्या पोरांचंच काम, त्यात शौर्य काही नाही, पण आपियात राहून मी पाव आणि डब्यातले मासे सोडून काही शिजवलेलं नव्हतं. रविवारी पहाटे उठलो. चुलीचे दगड पाहिले तर तडकून भुगा झालेले. एवढ्यात मागच्या झाडाखाली नजर गेली. काय दगड होते, ताई! काळे, गोल, एकसारखे, कुणीतरी माझ्यासाठीच रचून ठेवल्यासारखे. उचलले. खाली केळीची पानं, तीही पसरलेली. म्हटलं, देव प्रेमिकांच्या बाजूने असतो. वरचे दोन थर काढून उमूवर झाकायला घेतले. वास आला होता, नाही म्हणत नाही. पण घरामागे वास कधी नसतो? डुकरांच्या माथी मारला आणि पांढरा सदरा चढवून (तू भावोजींचा पाठवलास तोच) चर्चला गेलो.

नाटुकलं रंगात आलं. मी डबा बडवतोय. तिमो तारवाच्या दारात उभा राहून खणखणीत म्हणाला, "या रे या, सगळ्या प्राण्यांनो, जोडीजोडीने या!" आणि चर्चच्या उघड्या दारातून आमची डुकरं आली. जोडीनेच. मागून पिल्लं. मुसकटं पिवळी, पोटं तट्ट, पाठीवर केळीचं पान, आणि तो आंबट वास. लोकांना वाटलं नाटकातलीच. अशा टाळ्या पडल्या, की पाळकसाहेबही उभे राहिले. एलेनोआने पडद्याआड डोकावून माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, "हे तुम्ही केलंत? कमाल आहे!" आणि मी, ताई, मी मान हलवली. हो म्हणून. अख्ख्या चर्चमध्ये एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. आजोबांनी एकदा हवा हुंगली, डोळे मिटले आणि टोपी मांडीवर उलटी ठेवली.

घरी आलो तर खड्डा उघडा. वरचं सगळं खाल्लेलं, उरलेलं तुडवलेलं, मातीत गेलेलं. साऱ्या घराची वादळाची शिदोरी. आत्या मटकन खालीच बसली. म्हणाली, "पेसामिनो, तुझ्यापेक्षा वादळ परवडलं रे. ते येताना सांगून तरी येतं." उमू उघडला, तर त्या पानांनी सगळ्या अन्नाला आंबूस वास लागलेला. आणि एलेनोआ दारात, साडेतीन हात लांबीची नवी चटई भेट घेऊन.

मी आजोबांच्या समोर उभा राहिलो. म्हटलं आता काठी येईल. आलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं. आजोबांनी पोरांच्या पंगतीकडे बोट दाखवलं, तिमोच्या शेजारी. "बस."

"आजोबा, मी लहान नाही."

"लहान नाहीस? बरं. मग मोठ्यांत ये. मोठा माणूस असं करतो तेव्हा त्याच्याशी कसं बोलतात, ते मी बोलतो. आज लहानांना कुणी रागवायचं नसतं. ठरव तूच."

बसलो. गुडघे कानांपर्यंत आले होते. आजोबांनी स्वतः पान वाढलं, स्वतः पंख्याने माश्या वारल्या. सगळं गाव येता-जाता पाहत होतं. तिमोने मला दिलासा दिला, "दादा, रडू नकोस, नंतर गोड असतं." एलेनोआ कोको घेऊन पंगतीतून आली, माझ्यापाशी वाकली आणि म्हणाली, "अजून हवं का, बाळा?" मेघराजाचं तीन दिवसांत बाळ झालं. काठी किती बरी असते, ते मला त्या पंगतीत कळलं.

दुपारी मी एकटाच खड्ड्यात उतरून तुडवलेलं उपसत होतो. आजोबा काठावर येऊन बसले. म्हणाले, "चर्चचं छप्पर उडालं ते वर्ष तुला आठवत नाही. मांडीवर होतास. त्या पांढऱ्या रविवारी गावात झाडावर एक फळ नव्हतं. आपण नुसती मासी वाढली. तुझ्या ताईने उघड्या आकाशाखाली पाठांतर म्हटलं, आणि जेवताना अजून मागितलं." मग म्हणाले, "हसणारं पोर उपाशी पाहवत नाही रे. म्हणून पुरतो मी. वादळाचं मला काय कौतुक?" मी खाली मान घालून खणत राहिलो. तेव्हा घातलेली ती अजून तशीच आहे.

आता रोज सकाळी मी घरोघरी जाऊन नीरफणस मागतो. कुणी नाही म्हणत नाही, पण फुकटही देत नाही. "आला नोहा! डुकरं कुठे ठेवलीस?" हे ऐकल्याशिवाय एकही फळ मिळत नाही. खड्डा पुन्हा भरत आलाय. दगड मी समुद्राकाठून नवे आणले, आणि रात्री त्यांच्याशेजारीच झोपतो. कॉलेजचं नाव आता काढणार नाही. मी आजोबांना सोडून कुठेही जाणार नाही, हे तू दगडावरची रेघ समज.

तिकडच्या सगळ्यांना मी विचारलंय म्हणून सांग, आणि माझं काय झालं ते मात्र कुणाला सांगू नकोस.

तुझा मान वर न करणारा भाऊ,
पेसामिनो

ता. क. : डुकरं मी आणली नव्हती, हे एलेनोआला मी काल सांगून टाकलं. म्हणाली, ठाऊक होतं, मला फक्त तुम्ही कधी सांगता ते पाहायचं होतं. ती जानेवारीत शिक्षिकेचा पुढचा अभ्यास करायला आपियाला जातेय. तर ताई, हिशेबाच्या सरांची बहीण तुझ्याबरोबर शाळेत होती ना? त्यांचा राग कितपत उतरलाय, जरा चौकशी कर. (दगडावरची रेघ म्हटलं होतं खरं. पण दगडांचा माझा अनुभव तू वाचलासच.)

पुन्हा ता. क. : आजोबांनी आत्ता विचारलं, कुणाला लिहितोस. सांगितलं. मग ते उठून गेले आणि पानात गुंडाळलेला एक गोळा घेऊन आले. खड्ड्याच्या तळाची, डुकरांची मुसकटं पोचली नाहीत तिथली मासी. म्हणाले, ही लोसाची, नव्या खड्ड्यात अगदी मध्ये ठेव. तू पाच पांढरे रविवार आली नाहीस, दरवेळी पुढच्या वर्षी येईन म्हणत जादा पाळ्या करून पैसे साठवतेस, ते मी त्यांना बोलून दाखवलं. त्यावर म्हणाले, तिला घाई करू नकोस, मासी कितीही वर्षं टिकते.

मासी टिकते, ताई. छपरावर उरलेले दोर टाकायला या वेळी मी चढलो. आजोबांना चढवलं नाही. तू ये.