कणगीत हात कुणाचा

साखरशेत, ता. जव्हार
२९ एप्रिल २००१

चि. रंजनास अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला. पालापाचोळा यंदा मीच गोळा केला, त्यामुळे कंबर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आता बरी आहे. जामसरच्या लग्नात ढवळूमामा भेटले, पोर पुण्यात काय करते म्हणून विचारत होते. कॉम्प्युटर म्हटल्याबरोबर त्यांनी आपला बिघडलेला रेडिओ तुझ्याकडे पाठवायची तयारी दाखवली. मला त्यांना अडवता आलं नाही, कारण तू तिथे नेमकं काय करतेस ते मलाही ठाऊक नाही. आयुष्यभर मास्तरकी केली आणि स्वतःच्या मुलीचं काम समजत नाही, हे काही बरं नव्हे. पुढच्या पत्रात समजावून सांग. चौथीच्या मुलाला सांगतेस असं समज.

दुसरी गोष्ट कणगीची. मळणीनंतर तुझ्या आईने भात भरून कणगीचं तोंड शेणामातीने लिंपलं, ते तसंच आहे. पौषात ती गेली. दिवसकार्य होताच तुला परतावं लागलं, तेव्हा कणगी कुणाला आठवली नाही. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. कणगीत हात घरच्या बाईचा. मी लग्नापासून कधी घातलेला नाही. सध्या रेशनचा तांदूळ खातो, त्याचं काही नाही. पण बियाणंही आतच आहे आणि मृगाआधी ते राबात पडायला हवं. आता घरची बाई तूच.

लिंपणावर तिची चार बोटं उमटली आहेत. उघडताना ते फुटणारच. त्याआधी तू एकदा बघून घ्यावंस असं वाटतं. थोडी रजा काढून ये.

संध्याकाळी घर फार मोठं वाटतं. बाकी क्षेम. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा बा,
नवसू


पुणे
८ मे २००१

ती. बांना रंजनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ढवळूमामांचा रेडिओ कृपा करून पाठवू नका.

आता चौथीचा धडा. आम्ही लिहितो त्या प्रोग्रॅमचे लहान लहान भाग असतात, त्यातल्या एकाला क्लास म्हणतात. त्याच्या पोटात माहिती असते आणि ती हाताळणारी कामंही असतात. कुणी काय बघायचं, कशाला हात लावायचा, हे आधीच ठरवून लिहावं लागतं. पब्लिक लिहिलं की सगळ्यांना मोकळं, आपल्या ओट्यासारखं. प्रायव्हेट लिहिलं की फक्त त्या क्लासच्या आतल्या कामांनाच परवानगी. बाहेरच्याने मागायचं, मग आतून काढून मिळतं. मधलं एक प्रोटेक्टेड असतं, त्यात त्या क्लासपासून पुढे निघालेल्या लेकरांनाही हात लावता येतो.

नोकरीआधीच्या कोर्समध्ये सर हे शिकवत होते तेव्हा मला आपली कणगी दिसत होती. आईकडे मागायचं आणि तिने काढून द्यायचं. आत किती उरलंय ते ना तुम्हाला ठाऊक, ना मला. आखाडात विचारलं तरी एवढंच म्हणायची, की आहे. मी लहानपणी एकदा हात घातला तर केवढी ओरडली होती! म्हणजे लेकीलाही नाही, पक्कं प्रायव्हेट. तिच्यामुळे तो धडा मला सगळ्या वर्गाआधी कळला, पण हे कुणाला सांगितलं नाही. खोलीतल्या मुली गाव विचारतात तेव्हा मी नाशिककडचं म्हणते. जव्हारचं नाव त्यांनी पेपरात कुपोषणाच्या बातमीतच वाचलेलं असतं, आणि मग त्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. आपली बोली बोलायला इथे कुणी नाही. कधी कधी भांडी घासताना मी एकटीच बोलते.

रजा मात्र मिळत नाही. जूनअखेर काम गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं आहे आणि मी सगळ्यांत नवी. बा, तुम्हीच उघडा ना. पोरांना विज्ञान शिकवलंत, मग कणगीला काय भिता?

जेवणाची आबाळ करू नका. माया असू द्या.

तुमची रंजना


साखरशेत
१५ मे २००१

चि. रंजनास अनेक आशीर्वाद.

तुझा धडा कळला. उदाहरण चांगलं दिलंस, मास्तरची पोर शोभतेस. एक शंका आहे. ज्या हाताला परवानगी होती तो हातच राहिला नाही, तर आतल्या भाताचं काय करायचं? तुमच्या शास्त्रात याची काहीतरी सोय असेलच.

काल विळा घेऊन कणगीपुढे बसलो होतो. देव कोपेल वगैरे माझ्या मनात नाही. पण त्या चार बोटांवर विळा ठेववेना. तसाच उठलो आणि पेज केली. ती पातळ झाली, तुझी आई असती तर हसली असती.

नाशिककडचं म्हणतेस हे वाचून वाईट वाटलं, पण रागावलो नाही. मीही लोकांना सांगत असतो, की रंजना येतेच आहे. दुपारची एस.टी. फाट्यावर थांबली की उगाच ओट्यावर येऊन उभा राहतो.

काम सांभाळून जमलं तर बघ. म्हाताऱ्याचा विसर पडू देऊ नको.

तुझा बा


पुणे
२२ मे २००१

ती. बांना शि. सा. न. वि. वि.

सोय आहे! तुमची शंका वाचून मी हसतच सुटले, कारण पुढचा धडा तोच होता. क्लासला एखाद्या बाहेरच्याला फ्रेंड करता येतं. मग त्याला आतल्या प्रायव्हेट गोष्टींनाही हात लावता येतो. अट एकच. बाहेरच्याने आपणहून मी फ्रेंड म्हणून चालत नाही, क्लासने स्वतः त्याचं नाव लिहून द्यावं लागतं.

तर घरची बाई म्हणून मी लिहून देते, की आमच्या कणगीत चैतीकाकूंनी हात घालावा. कुंपणापलीकडे राहून त्यांनी आईला जन्मभर साथ दिली, त्यांच्याइतकं जवळचं दुसरं कोण आहे? एकट्या पुरुषाच्या घरात गेल्या म्हणून लोक त्यांना बोलायला नकोत. तेव्हा हे पत्र ओट्यावर चारचौघांत वाचा.

सुटला की नाही प्रश्न? तुमची पेरणी होईल आणि माझी रजाही वाचेल. दिवाळीला येतेच. तोवर जीव लावून ठेवा.

तुमची रंजना


साखरशेत
५ जून २००१

चि. रंजनास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राप्रमाणे सगळं केलं. चैती आधी नाहीच म्हणत होती. गोजाबायच्या कणगीत मी हात कसा घालू, तिला काय वाटेल, असं तुझ्या आईचं नाव घेऊन म्हणत राहिली. ओट्यावर पत्र वाचून दाखवलं, तिने पुन्हा वाचायला लावलं. तुझं नाव कुठे लिहिलंय ते विचारून त्यावर बोट फिरवलं. मग अंघोळ करून आली. लिंपण फोडलं तेव्हा मी मागच्या परड्यात जाऊन थांबलो होतो.

भात कोरडं ठणठणीत आहे, कीड नाही. बियाणं राबात पडलं. चैतीने तोंड पुन्हा लिंपलं, आता त्यावर तिची बोटं आहेत. लागेल तसं भात काढून देते म्हणाली. पेज घरच्या तांदळाची होते. कसली म्हणून अडचण उरली नाही.

तुझी सोय फार चांगली निघाली. फक्त एक सांगतो, मनाला लावून घेऊ नको. मी शंका विचारली खरी, पण मला उत्तर हवं होतं ते तू येतेस एवढंच. आता तुला बोलवायला माझ्याकडे काही काम राहिलं नाही.

चैतीने लिंपण हलक्या हाताने फोडलं, बोटांचा तुकडा वेगळा काढून दिला. चैतीचा उमेश परीक्षेला पुण्याला येतोय, त्याच्याकडे फडक्यात बांधून देतो आहे. जपून उघड. आशीर्वाद आहेतच.

तुझा बा


पुणे
१२ जून २००१

बा,

आज ‘तुम्ही’ लिहायला हात वळत नाही, घरी बोलते तशीच लिहिते.

उमेश येऊन गेला. फडकं सोडलं तर आत चुरा होता. वाटेतच फुटलं असणार, त्याचा दोष नाही, बिचारा मांडीवर घेऊन आला. एक खडा तेवढा शाबूत आहे. त्यावर आईच्या बोटाची कड आहे की नुसती भेग, ते कळत नाही. खिडकीशी धरून किती वेळ बघत होते. मला ती बोटं बघायची होती, बा. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, आणि मी तुला धडा शिकवत बसले. खूप रडले.

शेजारच्या कॉटवरच्या मुलीने हे काय म्हणून विचारलं. काही नाही म्हणणार होते. मग सांगितलं, की माझ्या आईने लिंपलेल्या कणगीचा खडा आहे, गाव साखरशेत, तालुका जव्हार. तिने हात पुढे केला आणि हातात घेऊ का म्हणाली. मी दिला.

रजा मागायला गेले तर साहेबांनी कारण विचारलं. पेरणी झालेली, कणगी उघडलेली, तूही बरा आहेस. सांगायला कारणच उरलं नव्हतं. घरी जायचंय एवढंच म्हणाले, तेव्हा त्यांनी दोन दिवस दिले.

शनिवारी दुपारच्या एस.टी.ने येते. ओट्यावर उभा राहा. काही काम नाही, नुसती येते.

तुझी रंजना