मागून कोण ओढतं

४ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. यातला नमस्कार तेवढा घ्या. विनंती करण्यासारखं आपल्यात काही उरलेलं नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते.

आईला शनिवारी मी घेऊन आले ते तुम्ही कामावर असताना, आणि मुद्दामच. दादाने स्वतः तिची बॅग भरली. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस बॅग भरताना एवढंच म्हणाला, की जाऊ दे, थोडे दिवस तरी सुखात राहील. यातून काय ते समजा.

तिला अंघोळ घातली तेव्हा सगळं दिसलं. डोक्याच्या मागे टेंगूळ, खांदे काळेनिळे, कमरेवर जुना व्रण. पण तळहात कोरे, गुडघे कोरे. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते, वहिनी. आपणहून पडणारा माणूस हात टेकतो. हिला सगळा मार मागच्या बाजूला. तिला विचारलं, तर म्हणाली, मागून ओढतात. कोण, ते काही सांगेना.

शिवाय तुम्ही जेवायला देत नाही म्हणते. पोलक्यावर डाग, अंगावर मांस नाही. आणि तिचा चेहरा! भुवया वर, डोळे सताड उघडे, पापणी लवत नाही. जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून शंभर पोरी सरळ उभ्या करणारी बाई ती. तिला एवढं कुणी घाबरवून सोडलंय? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तुम्हाला जिन्यात पाहिलंय, आईच्या पाठीला दोन्ही हात लावून उभ्या होतात म्हणे. मामांनाही मी सगळं कळवलं आहे.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. लोभ होता तोवर होता.

आईची मुलगी


९ फेब्रुवारी

वन्संना,

स. न. वि. वि. त्यातला सप्रेम पद्धत म्हणून लिहिला आहे, प्रेम गृहीत धरू नका.

उत्तर नको म्हणालात, म्हणूनच देते. हो, जिन्यात माझे हात त्यांच्या पाठीशी होते. कारण आई चढता चढता सरळ मागे येतात. अडखळत नाहीत, घेरी येत नाही, ओरडतही नाहीत. उभं माणूस एकदम मागे. दोनदा मी जिन्यावर त्यांच्यासकट बसले आहे, माझ्या मांडीवरचा डाग दाखवायला काकूंकडे जाऊ का? सकाळपाळी करून कारखान्यातून दुपारी घरी येते, तोवर त्या कुठे पडलेल्या असतील याचा विचार करत मशीनवर बसते. तुम्ही वर्षातून दोनदा येता, साखरेचा डबा जागेवर नाही म्हणून नाक मुरडता, आणि जाता.

जेवणाचं म्हणाल तर ताट पुढ्यात असतं आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत वाढ म्हणून हाका मारतात. ताट उचलून नाकासमोर धरलं की जेवतात. एकदा माझा तोल सुटला, वाटी आपटली, आवाज चढवला. ते मी नाकारत नाही. पण उपाशी ठेवलं नाही.

आणि मामांना हे काय घाईघाईने कळवता? तोल कानामुळे जातो का ते बघायला कानाच्या डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. त्यांनी आईंना टेबलावर बसवून, मान वळवून झटकन आडवं केलं, डोळे फिरतात का ते पाहिलं. फिरले नाहीत. कान ठीक आहेत म्हणाले, पडणं थांबलं नाही तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तो दिवस ठरवायच्या आत तुम्ही चोरासारखं त्यांना घेऊन गेलात.

तुमच्या दादांनी परवा बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता मला विचारलं, की चिडून एखादवेळी हात तर नाही ना लागला. इतक्या वर्षांच्या संसाराचा हा प्रश्न नाडीची गाठ बसेपर्यंत विचारून झाला. ही तुमची देणगी. जपून ठेवते.

आईंना नमस्कार सांगा. तुम्हाला काय सांगायचं ते वर सांगून झालं आहे.

वहिनी


१६ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,

नमस्कार. तुमचं नाटक वाचलं. आई माझ्याकडे आल्यापासून एकदाही पडलेली नाही. एकदाही! म्हणजे हा आजार तुमच्याच घराच्या उंबऱ्याला बांधलेला दिसतो.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, पण तुमच्या सांगण्यावरून नव्हे. माराच्या खुणांचे फोटो काढून ठेवलेत. या जखमा आपणहून पडून झालेल्या नाहीत असं त्यांच्याकडून लिहून घेणार. मामा म्हणतात, तेवढं हातात आलं की सरळ पोलिसांत जाऊ. तोवर मायेने विचारपूस करायचे कष्ट घेऊ नका.

आईची मुलगी


२ मार्च

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. सरळ सांगते.

मागचं पत्र टाकून आले त्याच आठवड्यात आई माझ्या स्वयंपाकघरात पडली. फ्रिजचं दार ओढलं आणि अख्खी मागे. मी तिच्या मागेच होते, पण हात पुढे करायचं सुचलं नाही. आवाज ऐकून आमचे हे धावत आले. त्यांनी खाली पडलेल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. पण पाहिलं, वहिनी.

डॉक्टरबाईंकडे गेले आणि आधी फोटो पुढे केले. त्यांनी ते बाजूला सारले. त्या आईकडेच बघत होत्या. डोकं न हलवता बोटाकडे बघायला सांगितलं. डावीकडे डोळे गेले, उजवीकडे गेले, वर थोडे गेले. खाली जाईनात. आई म्हणत राहिली, बघतेय की, आणि डोळे तिथेच. मग समोरच्या खुणेवर नजर ठेवायला सांगून त्यांनी आईची मान हाताने मागे कलवली, तर तेच डोळे आपसूक खाली गेले! म्हणजे डोळे हलवणारे स्नायू शाबूत आहेत, पण खाली बघ हा हुकूम मेंदूतून त्यांच्यापर्यंत पोचत नाही. समोर ठेवलेलं ताट तिला दिसतच नव्हतं.

मग टाळ्या. तीनच वाजवा म्हणाल्या. आई वाजवत सुटली, तिला थांबता येईना. शाळेत शिक्षा म्हणून पोरींना टाळ्या मोजायला लावायची ती. मला तिथे बसवेना.

शेवटी डॉक्टरबाई तिच्या मागे उभ्या राहिल्या. आधी सांगितलं, की मी खांदे मागे ओढणार आहे, पाऊल मागे टाकून सावरा. आपण कुणीही सावरलो असतो. आईने पाऊल उचललंच नाही. कपाट कलंडावं तशी गेली. त्यांनी झेलली, आणि त्यांच्या हातांत असतानाच आई मला म्हणाली, बघ, ओढतात.

स्कॅनमध्ये मेंदूच्या मधल्या भागाची झीज दिसते. नाव लांबलचक आहे, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. औषध जवळजवळ नाही. पडणं वाढणार, बोलणं जड होणार, पुढे गिळणंही. भुवया चढलेल्या, डोळे सताड, तेही याच आजाराचं. ती घाबरलेली नव्हती. पाठीमागे सतत माणूस हवं म्हणाल्या. असं कुणी होतं का, हेही विचारलं. मी हो म्हणाले.

झालं ते झालं. हे एकटीचं काम नाही. तुम्ही रजा काढून याल का?

तुमची नणंद


८ मार्च

वन्संना,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं, माफी कुठे सापडली नाही. झालं ते झालं, हे तुम्ही कोण म्हणणार? ज्याचं झालं त्याने म्हणायचं असतं.

आईंचं वाचून रडले. ते त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी डोळ्यांत पाणी नाही.

आरोप चारचौघांत केलात आणि सुटका पाकिटात घालून पाठवलीत. काकू अजून जिन्यात मला बघून दार लावून घेतात. मामांच्या घरी माझं नाव निघत नाही. आणि तुमचे दादा तुमचं पत्र वाचून मला म्हणाले, बरं झालं, शंका फिटली. त्यांची शंका फिटली! रजा नंतर. आधी ज्या तोंडांत ते घातलंत, त्यातून काढा.

वहिनी


१७ मार्च

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

मामांकडे गेले. त्यांना आणि मामींना समोर बसवून सांगितलं, की वहिनींनी काहीही केलेलं नाही, मी खोटं पसरवलं. मामा म्हणाले, त्यांना पहिल्यापासून तसंच वाटत होतं. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, हात पाठीला होते एवढंच पाहिलं होतं, पुढचं तूच जोडलंस. बरोबर आहे, मीच जोडलं. दादाशी भांडले. भावाशी असं आयुष्यात भांडले नव्हते.

चुकले मी. माफ करा. येणार नसाल तरी हे लिहायचंच होतं.

आई दिवसातून एकदा तरी तुमचं नाव घेते. कधी शिवी देऊन, कधी तशीच.

तुमची नणंद


३० मार्च

वन्संना,

स. न. वि. वि.

रविवारी मी येणार म्हणून तुम्ही बाहेर गेलात, हे शहाणपणाचं केलंत.

तुमच्या दादांना बरोबर आणलं नाही. ते परवा स्वयंपाकघरात उभे राहून रडले. मी रडू दिलं. पुढचं पुढे.

आईंना ताट उंच स्टुलावर मांडून दिलं, समोरच दिसल्यावर नीट जेवल्या. तुम्हीही तसंच करा. शब्द फार हळू येतात आता, तोंडाला कान लावावा लागतो. जेवण झाल्यावर मी समोर बसले आणि त्यांनाच विचारलं. म्हटलं, आई, मी तुम्हाला कधी ढकललं का? सगळ्यांनी सगळ्यांना विचारून झालं होतं, मलाही नाडी बांधता बांधता विचारलं गेलं होतं, पण हा प्रश्न त्यांना असा सरळ कुणी घातलाच नव्हता. मला वाटलं, समजलंच नाही. मग चेहऱ्यावरची रेघ न हलवता, तोडून तोडून, मैदानावरच्या थाटात म्हणाल्या, की मला ढकलायची तुझी काय टाप आहे!

मी इतकी हसले की तुमचे हे आतून काय झालं बघायला आले.

या दोन महिन्यांत माझी बाजू घेतलेली ती एकटीच.

आईंना परत माझ्याकडे पाठवू नका, तो जिना आता त्यांच्याने व्हायचा नाही. दर रविवारी मीच येत जाईन. पुढच्या खेपेला तुम्ही घरात असलात तरी हरकत नाही. बोलायला मात्र लागू नका, मी सांगेन तेव्हा बोलू.

लोभाचं तेव्हाच बघू.

वहिनी