नवव्या मजल्यावर पाण्याचा दिवस

१ एप्रिल, मंगळवार

नळ सोडला. पाणी आलं. बंद केला. परत सोडला – परत आलं!

सकाळपासून दहा-अकरा वेळा तरी केलं असेल. हे म्हणाले, "लीला, मोडशील तो नळ." मोडू दे! सव्वीस वर्षं सोलापूरच्या भवानी पेठेत पाचव्या दिवशी पाणी भरलंय मी. कधी सहाव्या. खड्ड्यातल्या नळाशी वाकून वाकून कंबर कामातून गेली. आणि इथं नवव्या मजल्यावर, आभाळात, चोवीस तास! गच्चीवर टाकी आहे म्हणे. असेल. मला तरी शिवाचीच करणी वाटते.

पाडव्याला राहायला आलो. बी विंग, नऊशे तीन. आमच्या मुलानं, अमरेशनं, पुण्याच्या नोकरीवर सोलापुरातच घेतलाय फ्लॅट, आमच्या तिघांसाठी – हे, मी आणि ह्यांच्या आई, बसव्वा. मी अत्ती म्हणते त्यांना. अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. सासू असावी तर अशी, आणि नसावी तर तीही अशीच!

त्यांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं – "बसवजयंतीपतूर बघते. मन लागलं तर लागलं. न्हायतर मी आपली भवानी पेठेत." ह्यांनी मान डोलावली. अव्वाला, म्हणजे आईला, एकटं ठेवायचं नाही, हे ह्यांचं ठरलेलं. म्हणजे त्या गेल्या की आम्हीही गेलो. जुन्या घराला म्हणूनच नुसतं कुलूप लावलंय. बसवजयंती तीस तारखेला. एक महिना आहे.

२ एप्रिल, बुधवार

आज घारीची पाठ बघितली!

गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली कंबर तलावाकडून एक घार तरंगत आली ती माझ्या पायांच्याही खालून गेली. बावन्न वर्षं घारीचं पोटच बघत आले. पाठ तपकिरी असते, वर फिक्कट पट्टा. हात जोडले मी. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई येडी झाली.

४ एप्रिल, शुक्रवार

पहाटे भांडी वाजली म्हणून उठले. बघते तर अत्ती स्वयंपाकघरात पदर खोचून उभ्या. कळशी, घागर, पातेली, डबे, ह्यांचा दाढीचा मगसुद्धा – सगळं रांगेत!

"काय करताय अत्ती?"

"आज पाचवा दिस. पान्याचा दिवस."

पाडव्याला भरलेलं ओतून दिलं – शिळं म्हणून! – आणि सगळं नव्यानं भरलं. निळं बॅरल पण ढकलत ढकलत मागच्या धुण्याच्या गॅलरीत नेलं. मी म्हटलं, "अत्ती, इथं रोज ताजं असतंय की." तर म्हणाल्या, "रोज ताजं कोन देतंय? देव बी देत न्हाय."  मी हंडे पुसायला घेतले.

७ एप्रिल, सोमवार

इथं आवाज नाही. भवानी पेठेत भिंतीपलीकडे यंत्रमाग. खटाखट खटाखट, त्यावरच झोप यायची. इथं इतकं गप्प की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. पहिल्या दोन दिवसांत जाग आली ती शांततेनंच. आता आवडायला लागलंय. कान धुऊन घेतल्यासारखं वाटतं.

अत्तींना मात्र नाही आवडत. "मानूस न्हाय, कानूस न्हाय. मेल्यागत वाटतंय." खरं तर माणसं आहेत, चव्वेचाळीस घरं आहेत विंगमध्ये. पण दारं बंद. आणि अत्ती खाली जात नाहीत, कारण लिफ्ट! पाडव्याला डोळे मिटून, मला घट्ट धरून वर आल्या, तेवढंच. "जित्तेपनी कोन पेटीत बसतंय का?" म्हणतात. मी तर मुद्दाम खाली-वर करते. बटण दाबलं की बाईचा आवाज येतो – नववा मजला. दर वेळी मनातल्या मनात 'हो बाई' म्हणते.

९ एप्रिल, बुधवार

पुन्हा पाण्याचा दिवस. पुन्हा बॅरलची ढकलाढकली.

संध्याकाळी बेल वाजली. खालच्या आठशे तीनमधल्या सारजाबाई. सांगोल्याकडच्या, डाळिंबवाल्या. मुलाकडं राहतात. तोंड एवढंसं करून – "तुमच्या घरातनं पहाटे काय वढता वो? आमचं छत फुटतंय का काय वाटतंय." माझी तर मान खाली. अत्ती आतूनच म्हणाल्या, "पानी भरू नये का मानसानं?" सारजाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण गप्पच गेल्या.

झालं! एक शेजारीण होती ती पण रुसली. अत्ती म्हणाल्या, "बघ, असली मानसं हायत हितली." मी कॅलेंडर बघितलं – बसवजयंतीला एकवीस दिवस.

१३ एप्रिल, रविवार

संध्याकाळी आमच्या भागातली वीज गेली. जनरेटर लागायच्या आधी मिनिटभर सगळं सोलापूर दिसलं. अंधारात लांबवर सिद्धेश्वराच्या दिशेला दिवे. अत्तींना हात धरून गॅलरीत आणलं. त्यांनी कठडा धरला. मग म्हणाल्या, "आपली गल्ली कंची गं ह्यात?" मी अंदाजानं बोट दाखवलं. त्यांनी तिकडं हात जोडले. मला वाटलं होतं, दिवे बघून खूश होतील.

१९ एप्रिल, शनिवार

सोसायटीच्या ग्रुपवर सूचना. सेक्रेटरी आदिनाथ सरांची – निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळं सूचना म्हणजे परिपत्रकच. 'उद्या रविवारी टाकी स्वच्छ करणार. नऊ ते एक पाणी बंद. रहिवाशांनी कृपया घाबरून जाऊ नये.'

घाबरून कोण जातंय? तरी आपलं असू दे म्हणून दोन बादल्या भरल्या. मग चार. मग सगळंच भरलं. अत्तींनी माझ्याकडं असं बघितलं!  

२० एप्रिल, रविवार

पदर अजून ओला आहे, तशीच लिहायला बसले.

साडेआठालाच नळ कोरडा. ग्रुपवर आदिनाथ सर – 'टाकी मुदतीआधीच रिकामी कशी झाली?' झाली ती झाली. ह्यांच्या चुलतबहिणीकडं मैंदर्गीला नातवाचं बारसं होतं, मला आणि ह्यांना निघायचं होतं. निघताना मी काय केलं? मागच्या गॅलरीतला नळ पुरा सोडून ठेवला, खाली घागर लावली.

का? कारण सव्वीस वर्षं तेच केलंय! पाणी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून नळ उघडा ठेवायचा आणि खाली भांडं. धार पडली की आवाज होतो, माणूस उठतं. हात आपोआप गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही. आणि पाणी जायची जाळी? तिच्यावर आमचं निळं बॅरल.

दोनला परतलो. गेटवरच बिरुदेव वॉचमन पळत आला – "बी विंगची लिफ्ट बंद! वरनं पानी पडतंय डक्टमदनं!"  नऊ मजले चढले कशी, शिव जाणे.

पण जिन्यात काय बघावं! सगळी दारं उघडी. बायका झाडू घेऊन, पुरुष पँटी गुडघ्यापर्यंत वर करून, पोरं घसरगुंडी खेळतायत. आणि सगळे हसतायत!

झालं असं. अत्ती आतल्या खोलीत निजलेल्या. जाग आली तर चपला पाण्यावर तरंगतायत. त्यांनी तडक दार उघडलं, जिन्याच्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि गल्लीत ओरडायच्या तशा खच्चून ओरडल्या – "नीरु बंतु! पानी आलंऽऽ!"

आणि रविवारची निजलेली अख्खी विंग आपापल्या नळाकडं धावली. कारण काय? सगळ्यांनीच नळ सोडून ठेवले होते! कुणाची घागर, कुणाची बादली. आठशे तीनमध्ये घोट्यापर्यंत पाणी. सातव्यावर तेलुगू विणकरांकडं तेच. आणि आदिनाथ सर – ज्यांनी परिपत्रक काढलं ते! – त्यांचं बैठकीचं जाजम जिन्यावर वाळत घातलेलं. लिफ्ट कुणाच्या पाण्यानं बंद पडली, ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

सारजाबाई आमच्याच घरात होत्या, ओचा खोवून पाणी काढत. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "गप वो. आमच्यातबी दोन बॅरल हायत, पलंगाखाली. त्या दिशी सांगनार हुते, लाज वाटली. टँकरचं पानी प्यालेली मानसं आमी."

हसता हसता मला रडूच आलं. चव्वेचाळीस घरं. एकाचाही नळावर विश्वास नाही.

 अत्ती मात्र ओल्या पलंगाकडं बघत बसल्या होत्या. आता काही खरं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

लिफ्ट अजून बंद. सकाळी अत्ती म्हणाल्या, "जिना हाय न्हवं? मी खाली जाऊन येते. जमिनीला पाय लावते."

नऊ मजले! ह्या वयात! नको म्हटलं, ऐकतात थोडंच? मी मागं प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. दर मजल्यावर खुर्ची टाकायची, त्या बसायच्या, आणि दार उघडायचं. "तुमीच का त्या ओरडलेल्या आज्जी?" आठव्यावर सारजाबाईंनी शेंगाचटणी-भाकरी दिली. सातव्यावर ताक. पाचव्यावर संगप्पा म्हणून आहेत, मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते, त्यांच्याशी कानडीत पाऊण तास! सकाळी नऊला निघालो ते पाऊण वाजता खाली पोचलो. सोलापूर–पुणे एवढ्या वेळात होतं.

खाली बाकावर बसून पायांनी माती चाळवत राहिल्या. संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली. चढणं शक्यच नव्हतं. सारजाबाईंनी एक हात धरला, मी एक. डोळे मिटून 'शिवा शिवा' करत आत. दार उघडलं तर म्हणाल्या, "आलं? येवढ्यात?"

मग परत एकदा खाली नेऊन आण म्हणाल्या! नेलं.

रात्री मला छान झोप लागणार. राहतात, आता राहतात.

२६ एप्रिल, शनिवार

नाही राहत.

दुपारी गल्लीतल्या चंद्रव्वाचा फोन आला होता. तेव्हापासून अत्ती जेवल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "माजी पिशवी भर. सोमवारी सोड मला तितं."

"का हो अत्ती? आता तर सगळे ओळखीचे झाले."

"सहा दिस झालं तितं पानी न्हाय. चंद्रव्वाच्यानं हंडा उचलत न्हाय. आन् मी हितं धो धो पान्यात. घास उतरत न्हाय गं."

मग तिथं जाऊन काय करणार, पाणी पाडणार? जिभेवर आलं होतं.  पिशवी भरली. मग माझ्याही चार साड्या बाहेर काढल्या आणि त्यांची घडी घालत बसले. मला जायचं नाही! एकदाच लिहिते, इथं तरी. मला परत त्या खड्ड्यात वाकायचं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

हे अत्तींना सोडून आले. सोबतीला गल्लीतली नागव्वा झोपेल. बुधवारी बसवजयंतीला आम्हीही सामान घेऊन जायचं. फ्लॅटसाठी ह्यांनी एका भाडेकरूशी बोलून ठेवलंय. उद्या सांगतो म्हणाले त्याला.

नळ सोडून धारेखाली हात धरून उभी राहिले. बराच वेळ.

२९ एप्रिल, मंगळवार

अकराला इंटरकॉम. बिरुदेव घाईला आलेला – "मॅडम, तुमच्या आज्जी आल्यात! संगं सहा म्हाताऱ्या! रजिस्टरवर सही करा म्हटलं तर मलाच दम देत्यात!"

लिफ्टचं दार उघडलं. पुढं अत्ती, बटण त्यांनीच दाबलेलं. मागं चंद्रव्वा, नागव्वा, सगळी गल्ली. प्रत्येकीच्या काखेत धुतलेली साडी आणि शिकेकाईची पुडी. गल्लीत आज नववा दिवस, पाणी नाही.

चंद्रव्वानं मोरीतला नळ सोडला आणि नुसती बघतच राहिली. "बंद कर की," कुणीतरी म्हणालं. अत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बघू दे तिला."

दोनपर्यंत सगळ्यांची डोक्यावरनं न्हाणी झाली. केस मोकळे सोडून गॅलरीत ओळीनं बसल्या. मी आत भाकऱ्या थापत होते. चंद्रव्वा विचारत होती, "मग बसव्वा, उद्यापास्नं गल्लीतच न्हवं तू?"

"येते की गल्लीत," अत्ती म्हणाल्या. "दर मंगळवारी. तुमास्नी हिकडं न्यायला."

मी पिठाच्या हातानंच ह्यांना फोन लावला – भाडेकरू नको!