पहिली हाक माझी

३ फेब्रुवारी, रविवार
थिएटरमालक एलेउतेरियो सकाळी मशीनच्या खोलीत आला. आल्या आल्या फिल्मच्या आंबट वासानं नाक दाबलं. मग मला मान देत म्हणाला, दोन्या त्रान्सितो, फिल्मची रिळं यायची बंद होणार, आता डिजिटल मशीन घेतो. म्हटलं, घे की. बापानं थिएटर बांधलं, तू टीव्हीचं दुकान कर. डिजिटल चित्र म्हणजे पुसलेली फरशी. स्वच्छ, आणि बघण्यासारखं काही नाही. फिल्म म्हणजे साय धरलेलं दूध. नवरा गेल्यापासून हे मशीन मी चालवते. मी नसले तर पडद्यावर नुसता पडदा दिसेल.
दुपारी कालचे उरलेले मक्याचे तामाले. माझ्या लेकीनं, एर्लिंदानं, मीठ घातलंच नव्हतं.

५ फेब्रुवारी, मंगळवार
एलेउतेरियोला अक्कल सुचली, त्याच्या मानानं. शनिवारी गावाला फुकट खेळ. एकच सिनेमा, अर्धा फिल्मवर, अर्धा डिजिटलवर. आधी कुठलं, ते सांगणार नाही. मशीनवर डिजिटलच्या कंपनीचा माणूस, मी खाली खुर्चीत. चित्र बिघडलं की आमच्याकडे लोक वर बघून 'काकारो' ओरडतात. काकारो म्हणजे मशीनवाला, म्हणजे मी. ज्या अर्ध्याला ओरडा जास्त, ते मशीन बाहेर. फिल्म हरली तर मीही बाहेर, हे तो बोलला नाही. गरजच काय, हरणार कोण?

७ फेब्रुवारी, गुरुवार
शेजारीण तोमासा आणि तिच्या सगळ्या बहिणींना बोलावलं, मक्याचं गरम आतोले पाजलं. ठरलं असं: डिजिटल सुरू झालं की पहिली हाक माझी, मग सगळ्यांनी तुटून पडायचं. तोमासा म्हणाली, पण ओळखायचं कसं ग? म्हटलं, तू नकोच ओळखूस, तू स्वतःच्या जावयाला दोनदा पाद्री समजलीस. माझ्याकडे बघ आणि ओरड. एर्लिंदा मध्येच म्हणाली, आई, आणि तूच चुकलीस तर? हिनं नवरा कसला निवडला ते गावाला माहीत आहे, आणि ही मला चूक शिकवते.

९ फेब्रुवारी, शनिवार
थिएटर गच्च. पहिला अर्धा काय सुंदर. रंग गडद, कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. तोमासाला कोपर मारून म्हटलं, ही फिल्म, बघून घे. मग दुसरा अर्धा आला आणि कीव आली. थरथर काय, ओरखडे काय, काळं म्हणावं तर राखाडी. उभी राहिले आणि पोटातून हाक दिली, काकारो. बहिणी तुटून पडल्या. शिट्ट्या, पाय आपटणं, कणसाची बुरखुंडं उडाली. पाद्रीबाबासुद्धा ओरडले. गावाची एवढी एकी मी कधी पाहिली नव्हती.
दिवे लागले. एलेउतेरियोनं माझा हात धरला. म्हणाला, दोन्या, तुम्ही इतक्या प्रामाणिक असाल असं वाटलं नव्हतं. दुसरा अर्धा फिल्मचा होता.

१० फेब्रुवारी, रविवार
कंपनीच्या माणसानं लेन्स हलवली असणार. शिवाय खालून कोण बघतं? मी कायम वरच्या खिडकीतून बघते, तिथून उत्तम दिसतं. तोमासा दारात येऊन म्हणाली, कसं बाई ओळखलंस, मला तर दोन्ही सारखीच दिसली. तिच्याशी बोलणं बंद.

१८ फेब्रुवारी, सोमवार
माझं मशीन खाली उतरवलं. हमाल धापा टाकत होते, बरं वाटलं. नव्या मशीनला नुसतं बटण दाबायचं. ते एलेउतेरियोची बायको दाबते, तिला तेवढं जमतं. मला म्हणाला, आता घरी आराम करा. लोक विटतील आणि हा रांगत माझ्या दारी येईल. मी लगेच हो म्हणणार नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
दुपारच्या खेळाला डिजिटलचे दोष शोधायला गेले. तिकीट काढून, उपकार नकोत. पहिल्या रांगेत बसले. एक गाढव होतं, त्याच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. गाढवाला इतकं कोण बघतं? बाकी दोष असा सापडला नाही, लक्ष गोष्टीत गेलं. वर असताना ऐन रंगात रीळ बदलायची वेळ व्हायची, त्यामुळे सिनेमा सलग असा कधी पाहिलाच नव्हता.
एर्लिंदानं विचारलं, कसं होतं? म्हटलं, भिकार.
संध्याकाळच्या खेळाला परत जाणार आहे, नीट तपासायला. एलेउतेरियोच्या बायकोला सांगून ठेवलंय, पुढचीच खुर्ची दे म्हणून.