न लागलेला दिवा

प्रिय आबा,

काल दुपारच्या बसने नाशिकला पोचले. दोन दिवस कोरीटला होते, पण जे सांगायचं ते सांगितलं नाही. विषय एकच आहे. तोरणमाळच्या घाटात गाडी बंद पडली आणि तुम्ही उखाकाकांना ड्रायव्हरच्या अठरा वर्षांच्या कामावरून काढलं. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, कमी झाल्याचा दिवा लागला असणार, तो बघूनही त्यांनी घाट चढवला, असं तुमचं म्हणणं. मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं. ते एवढंच म्हणाले, ‘दिवा लागनाच नही, ताई. मी खोटं बोली ऱ्हायनू का?’ जमनाकाकू चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी तुम्ही शेतात गेल्यावर मी बोनेट उघडलं. कूलंटची टाकी कोरडी होती. खालच्या रबरी नळीची क्लिप सैल होती आणि तिच्याभोवती वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर होता. म्हणजे गळती बऱ्याच आठवड्यांची, थेंबाथेंबाची. चढावर दाब वाढला आणि उरलेलं गेलं. तापमानाचा काटा मधेच होता, हे तुम्हीच सांगितलंत. त्यात नवल नाही. कूलंट संपलं की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा खरं दाखवत नाही. तेव्हा धोका कळायला राहिला फक्त तो दिवा.

चावी फिरवल्यावर सगळ्या दिव्यांबरोबर तोही क्षणभर लागला, म्हणजे दिवा चांगला. फ्यूज चांगला, वायर अखंड. मग टाकीच्या खाली हात घातला. आत पातळी मोजणारा तरंगता सेन्सर असतो, त्याचा प्लग जागेवर नव्हता. बाजूच्या पाइपला काळ्या पट्टीने नीट बांधून ठेवला होता. आपोआप निघालेला प्लग असा बांधलेला नसतो. कुणीतरी तो काढलेला होता.

तो मी काढला होता, आबा. दिवाळीत टाकी भरलेली असताना दिवा सारखा लागत होता. सेन्सर अडकला होता, नवा मागवायचा होता. तोवर डोळ्यांसमोर तो दिवा नको म्हणून मी प्लग काढला. आपल्या गाडीत तो काढला की, चावी फिरवतानाचा क्षण सोडला तर, दिवा कधीच लागत नाही. नाशिकला आले आणि सेन्सर मागवायचा विसरले, प्लग काढल्याचंही विसरले; ती काळी पट्टी बघून आठवलं. कुणाला सांगितलंही नव्हतं.

आणखी एक आहे. उखाकाका रोज सकाळी बोनेट उघडून पाणी बघायचे. त्याच दिवाळीत मी त्यांना हसले. म्हटलं, काका, हे जुन्या जीपचं झालं, आता पाणी कमी झालं तर गाडी स्वतः सांगते. ते म्हणाले, ‘मंग मन्हं काय काम उरनं, ताई?’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोनेट उघडणं सोडलं. मी शिकलेली, म्हणून त्यांनी ऐकलं. दिवा मीच बंद केला आणि त्याच्यावर विसंबायलाही मीच सांगितलं.

हे घरी बोलले असते तर तुम्ही ‘जाऊ दे बेटा, व्हई जास चूक’ म्हणाला असतात आणि गोष्ट ओट्यावरच संपली असती. उखाकाकांना तुम्ही ओट्यावर बोलला नाहीत. मिरचीच्या पथारीवर, मिरची सुकवायला आलेल्या सगळ्या बायामाणसांसमोर आंधळा म्हणालात. म्हणून फोन केला नाही, लिहून सही केली. त्यांना पथारीवर बोलवा आणि त्याच माणसांसमोर हे पत्र मोठ्याने वाचा, माझं नाव न गाळता. तुम्हाला जमणार नसेल तर तसं कळवा. रविवारी मी येईन आणि उभी राहून वाचीन.

तुमचीच,
रुचिका